कव, जाळे आणि शेजारी

सातपाटीला होडी घड्याळ पाहून बंदरात शिरत नाही, भरती पाहून शिरते. सातपाटी आणि मुरबे या दोन गावांमधल्या खाडीत गाळ इतका साचला आहे की ओहोटीला नौका तोंडाशीच थांबतात आणि बर्फातली मासळी घेऊन खलाशी तासन्‌तास पाणी चढायची वाट पाहतात. किनाऱ्यावर बाया थांबलेल्या असतात, टेम्पोवाले थांबलेले असतात, मांजरेसुद्धा थांबलेली असतात. मग पाणी येते. खाडीत इंजिनांचा आवाज घुमू लागतो आणि घटकाभरात निवांत पडलेल्या गावाची जत्रा होते.

ही जत्रा पापलेटची. चंदेरी पापलेट, म्हणजेच सरंगा, हा २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. त्यामागे सातपाटीकरांचा पाठपुरावा होता. गावाला या माशाने नाव दिले आणि गावाने या माशाला मुंबईच्या पलीकडची बाजारपेठ दिली. बंदरावर प्रतवारी चालते ती पाहण्याजोगी असते. एक बाई पाटीतून मासा उचलते, अंगठ्याने कल्ला वर करून आतला रंग बघते, तळहातावर वजन जोखते आणि सुपर, एक नंबर, दोन नंबर अशा ढिगांत टाकत जाते. काट्यावर घातले तर तिचा अंदाज क्वचितच चुकतो. पापलेटचे बारीक खवले बोटांना चिकटून राहतात. ती कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत होती तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चंदेरी झालेले दिसत होते.

मासळी जाते सोसायटीत. गावात मच्छीमारांच्या दोन सहकारी संस्था आहेत. डिझेल तिथून, बर्फ तिथून, विक्री तिथून आणि हिशेबही तिथेच. मंगेला आणि वैती समाजाच्या या गावाने सहकार उभा केला तेव्हा व्यापाऱ्याच्या आगाऊ पैशात अडकलेला नाखवा प्रथम स्वतःच्या मालाचा भाव विचारू लागला. पुढे इंजिनाच्या होड्या आल्या, आणि मत्स्यविज्ञानाच्या पुस्तकांत सातपाटी पद्धतीची नौका असा वेगळा प्रकार नोंदला गेला. मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे कांद्याच्या गोण्या घेऊन आलेला शेतकरी आडत्याच्या ओट्यावर हात जोडून उभा असतो. इथे नाखवा सोसायटीच्या कचेरीत खुर्ची ओढून बसतो आणि हिशेब तपासतो. माझ्या डोळ्यांना हा फरक फार मोठा वाटला.

गावातल्या राममंदिराजवळच्या एका ओटीवर एक म्हातारे तांडेल जाळे दुरुस्त करत होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली आणि हातातली सुई नजर न टाकता फिरत असलेली. चहा आला, सोबत बशीत तळलेल्या मांदेल्या. देशावर पाहुण्याला आधी गूळ-पाणी मिळते, इथे आधी मासळी.

“कुठलं गाव?”

“नगरकडचं.”

“म्हणजे घाटावरचे. इकडं कुणाकडं?”

मी ख्रिस्ती आहे, इथून वसईला जाणार आहे, असे सांगितले. सुई थांबली.

“मग तुमच्या माणसांना एक विचारा. आमच्या समोरच्या समुद्रात कव कशाला मारतात?”

आवाजात राग नव्हता. बऱ्याच वर्षांचा जुना हिशेब सांगावा तसे ते बोलत होते. मी ज्या प्रश्नासाठी या किनाऱ्यावर आलो होतो, त्याला पहिल्याच ओटीवर असे तोंड फुटेल असे वाटले नव्हते.

प्रश्न जुना आहे. येरुशलेममध्ये एका शास्त्र्याने येशूला विचारले होते, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? येशूने नवे काही सांगितले नाही. मोशेच्या नियमशास्त्रातली दोन वचने त्याने उचलली, एक ‘अनुवाद’ या पुस्तकातले, एक ‘लेवीय’ या पुस्तकातले. सर्व अंतःकरणाने देवावर प्रेम करणे हे पहिले, आणि शेजाऱ्यावर आपल्या स्वतःइतकेच प्रेम करणे हे दुसरे. दोन्ही त्याने अशी शेजारीशेजारी ठेवली की पुन्हा कुणाला ती वेगळी करता येऊ नयेत. लूकच्या शुभवर्तमानात पुढचा प्रश्न येतो तो जास्त अवघड आहे, माझा शेजारी कोण? नगरकडच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब या उताऱ्यावर वर्षातून एकदा तरी बोलतातच. पेटीवर नारायण वामन टिळकांचे भजन होते, मग प्रवचन होते, आणि आम्ही माना डोलावून घरी जातो. हे वचन जगायला घेतलेली माणसे पाहावीत म्हणून वसईची वाट धरायची होती. सातपाटीच्या तांडेलांनी त्याआधीच समुद्राकडे बोट दाखवले.

कवीचे प्रकरण नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यात दुष्ट कुणीच नाही. सातपाटी, डहाणूकडचे मच्छीमार दालदी जाळे वापरतात. ते भिंतीसारखे उभे पाण्यात सोडायचे, प्रवाहाबरोबर वाहू द्यायचे आणि त्यात पापलेट, घोळ, दाढा असा मोठा मासा अडकायचा. वसई, उत्तन, मढकडचे मच्छीमार डोल वापरतात. डोल म्हणजे लांबलचक पिशवीचे जाळे. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून ते एका जागी बांधायचे, आणि भरती-ओहोटीचा जोर मासळी आपसूक पिशवीत आणतो. त्यात बोंबील, करंदी, जवळा मिळतो. हे खुंट मारून धरलेली जागा म्हणजे कव. एक जाळे वाहणारे, एक रोवलेले. दोन्ही एकाच पाण्यात आले की वाहणारे जाळे रोवलेल्या खुंटांवर जाऊन फाटते. जवळच्या पाण्यातली मासळी आटत गेली तशा वसईकडच्या कवी उत्तरेकडे सरकत आल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या दालद्याला मोकळे असलेले पाणी खुंटांनी भरू लागले. भांडणे झाली, जाळी कापली गेली, मोर्चे निघाले, बैठका झाल्या. प्रश्न आजही तिथेच आहे.

देशावर आम्हाला बांध माहीत आहे. भावाने हातभर बांध कोरला म्हणून तीस-तीस वर्षे कोर्टात चपला झिजवणारी घरे आमच्या तालुक्यात गावोगाव सापडतील. पण बांध दिसतो, मोजता येतो, तलाठ्याच्या उताऱ्यावर असतो. समुद्राला सातबारा नाही.

“एक सांगतो,” म्हातारे पुन्हा सुई चालवत म्हणाले, “वादळात त्यांची होडी बुडाली तेव्हा आमच्याच होडीनं माणसं काढली. वायरलेसवर हाक आली की जाळं तसंच सोडून जायचं. तिथं गाव विचारायचं नसतं. पण किनाऱ्यावर आल्यावर विचारायला नको?”

हे वाक्य पुढच्या सगळ्या वाटेवर माझ्याबरोबर होते.

सातपाटीहून पालघरकडे निघाले की लगेच शिरगाव लागते. तिथल्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाड्या दिसतात. आत फांद्या फुटलेले ताडाच्या जातीचे एक झाड आहे, ते मुले येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून दाखवतात. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही पोर्तुगिजांची ठाणी मराठ्यांनी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली. या किनाऱ्यावर ख्रिस्ताचे नाव तोफांच्या सावलीत पसरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. सत्तेबरोबर आलेला धर्म सत्ता गेल्यावर कशाच्या बळावर टिकला, हा खरा विचारण्याचा प्रश्न आहे.

पालघरच्या पाचबत्ती चौकात थोडे थांबलो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी कचेरीवर मोर्चा घेऊन आलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाचजण हुतात्मा झाले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे होते, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी होते, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी होते. मच्छीमार, शेतकरी, बाहेरून येऊन इथे वसलेले, सगळे एका ओळीत. चौकात रिक्षांची दाटी असते, पण चौदा ऑगस्टला आजही गावोगावचे लोक इथे येऊन उभे राहतात.

स्टेशनवर गाडीची वाट पाहताना शेजारी बसलेला तरुण डहाणूचा निघाला. आदिवासी, वर्षातले आठ महिने गुजरातच्या बोटीवर खलाशी. त्याच्या पाड्यातले काहीजण पाकिस्तानच्या ताब्यात सापडून कराचीच्या मलीर तुरुंगात राहून आले होते. समुद्रात रेघ नसते, इंजिन बिघडले की बोट वाहत जाते आणि पलीकडची गस्त पकडून नेते. असे मच्छीमार सुटतात तेव्हा कराचीहून लाहोरपर्यंतचा खर्च, कपडे, वाटेवरचे जेवण आणि घरी न्यायची भेटवस्तू हे सगळे ईधी फाउंडेशन पाहते. अब्दुल सत्तार ईधी मूळचे गुजरातेतल्या बांटव्याचे, फाळणीत कराचीला गेलेले. २०१६ मध्ये ते वारले, पण त्यांच्या माणसांनी हा शिरस्ता चालू ठेवला. येशूच्या गोष्टीतला शोमरोनी यापेक्षा वेगळा कोण होता? यरीहोच्या वाटेवर लुटून टाकलेल्या माणसाला याजक पाहून गेला, लेवी पाहून गेला, आणि ज्यांच्याशी यहुद्यांचे पाणी पिण्याचेही नाते नव्हते त्यांच्यातला एकजण थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने त्याला आपल्या जनावरावर घातले आणि खाणावळवाल्याकडे दोन नाणी ठेवली. डहाणूच्या पाड्यावर परत आलेल्या खलाशाच्या घरात कराचीहून आलेले कापड असते. ही गोष्ट मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटते.

याच डहाणू-पालघर पट्ट्यात अमेरिकेतल्या ब्रेदरन मंडळींनी काम केले होते. १८९४ मध्ये ते बलसाडला आले आणि पुढे या मराठी मुलखात उतरले. डहाणूचा त्यांचा दवाखाना जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. या मंडळींची एक रीत मला फार हृद्य वाटते. प्रभुभोजनाच्या आधी ते एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र साधे जेवतात आणि त्यानंतरच भाकरी मोडतात. ज्याच्यापुढे वाकून पाय धुतले त्याच्याशी लगेच वैर धरणे अवघड जाते. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, त्यात ही मंडळीही सामील झाली.

गाडी सफाळे सोडून वैतरणेवर आली की खाडीचे रुंद पाणी दिसते, मिठागरे दिसतात, आणि लगेच विरारच्या इमारतींची भिंत उभी राहते. ही भिंत ओलांडून पश्चिमेला गेले की मात्र वेगळाच मुलूख लागतो. आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरिज. बावखले म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, केळीच्या बागा, पानवेली, सोनचाफा, मोगरा, आणि प्रत्येक वळणावर एक क्रूस, ज्याला ताजा हार घातलेला असतो. हार घालायची पद्धत, वाटेवरच्या दैवताला हात जोडून पुढे जायची पद्धत, सगळी आपली. आगाशीला राजेळी केळ्यांची सुकेळी मिळाली. उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची, केळीच्याच सोपात बांधलेली. ती तोंडात टाकली की बराच वेळ बोलता येत नाही.

सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ आणि कोळी असे ख्रिस्ती समाज इथे शेजारी नांदतात. प्रत्येकाची बोली वेगळी, लुगडे नेसण्याची तऱ्हा वेगळी, पण मिस्सा मराठीत. नगरकडच्या माणसाला इथे काही गोष्टी नवख्या वाटतात. आम्ही पाळकांना सलाम करतो, इथे फादरांच्या हाताशी मुले धावत येतात. आमच्या चर्चमध्ये पांढऱ्या भिंती आणि एखादे वचन लिहिलेला फलक, इथे वेदीभोवती संतांच्या मूर्ती, मेणबत्त्या, फुलांची आरास. आमच्या सणाच्या ताटात करंजी आणि शंकरपाळे, इथल्या ताटात त्यांच्या जोडीला फुगे म्हणजे तळलेले गोल पाव आणि बाटलीच्या मसाल्यातले कालवण. एका घरी आजींनी ते वाढले तेव्हा आधी ओंजळभर शांतता झाली, प्रार्थना झाली, आणि मग त्यांनी पहिली वाटी झाकून बाजूला ठेवली. शेजारच्या घरी एकटी राहणारी बाई होती, तिच्यासाठी. ती बाई ख्रिस्ती नव्हती. घरातल्या कुणाला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नव्हते. मी विचारले म्हणून कळले.

नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे गाव. ४ डिसेंबर १९४२ चा जन्म, २५ जुलै २०२४ रोजी निधन. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, सुबोध बायबलचे कर्ते, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वसईच्या पारावर त्यांचे नाव निघते ते पाण्याच्या आणि जमिनीच्या गोष्टींत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचा निर्णय झाला, विहिरींचे पाणी टँकरमध्ये भरून इमारतींना विकले जाऊ लागले, आणि विरोध करणाऱ्याच्या दारात गुंड उभे राहू लागले. त्या काळात एक कॅथलिक धर्मगुरू हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरला. त्याच्याबरोबर वाडवळ होते, सामवेदी ब्राह्मण होते, समाजवादी होते, मुसलमान होते. विहीर आटली की ती ख्रिस्त्याचीही आटते आणि ब्राह्मणाचीही. देवावरचे प्रेम म्हणजे पहाटेची प्रार्थना आणि शेजाऱ्यावरचे प्रेम म्हणजे दान, अशी जी सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे ती या माणसाने मोडली. दानाला धैर्य लागत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीसाठी गुंडांसमोर उभे राहायला लागते.

निर्मळला तलावाकाठच्या टेकडीवर शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे आणि पायथ्याच्या परिसरात चर्च आहे. कार्तिकात इथे मोठी जत्रा भरते. सुकी मासळी, खाजे, टोपल्या, भांडी. वर्षाची खरेदी करायला सगळ्या धर्मांची घरे इथे येतात. पुढे बंगलीला कार्डिनल ग्रेशस यांच्या नावाचे रुग्णालय लागते. बाहेरच्या बाकावर एक आदिवासी बाई तापलेले मूल घेऊन बसली होती, तिच्या शेजारी कुपारी लुगड्यातल्या एक आजी, आणि त्या आजी त्या मुलाच्या कपाळावर ओल्या रुमालाच्या घड्या बदलत होत्या. दोघींची भाषा नीट जुळत नव्हती, तरी बोलणे अखंड चालले होते.

पण वसईत मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते पापडी नाक्यावर, एका बँकेसमोर. १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी बसीन कॅथलिक सहकारी पतपेढी काढली, तिचीच पुढे ही बँक झाली. त्या काळी वसईचा बागाईतदार सावकाराच्या वहीत जन्माला यायचा आणि वहीतच मरायचा. धर्मगुरूंनी प्रवचनातून धीर धरा, देव पाहील, असे सांगितले असते तर कुणी दोष दिला नसता. मोनिस यांनी भागभांडवल गोळा केले. व्याजाचा दर कमी करणे हीसुद्धा भक्ती असू शकते, हे त्यांना दिसले. मला तिथे उभे असताना सातपाटीच्या सोसायटीतला खुर्ची ओढून बसणारा नाखवा आठवला. एका गावात चर्चच्या प्रेरणेने, दुसऱ्या गावात राममंदिराच्या सावलीत, पण गोष्ट तीच. शेजाऱ्याच्या मानेवरचे कर्जाचे जू काढायचे तर एकट्याची दया पुरत नाही, सगळ्यांनी मिळून हिशेब ठेवावा लागतो. सातपाटीकरांनी हे ख्रिस्ताचे नाव न घेता केले, आणि ख्रिस्ताच्या गोष्टीत शोमरोन्याला जी जागा आहे तीच त्यांची आहे, असे मी ख्रिस्ती म्हणून मानतो.

वसईच्या किल्ल्यात संध्याकाळी पोरे क्रिकेट खेळत असतात. छप्पर उडालेल्या चर्चच्या भिंतींवर पिंपळ वाढले आहेत. याच गावात गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. व्यापार सोडून तो फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला सहकाऱ्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. किल्ल्यात त्याचा सण होतो तेव्हा पडक्या भिंती माणसांनी भरतात. इथल्या चर्चच्या घंटा १७३९ नंतर देशावर गेल्या. भीमाशंकराला एक आहे, वाईजवळच्या मेणवलीला एक आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळात एक आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मारिया कोरलेली आहे. जिंकलेली वस्तू म्हणून गेलेली ही घंटा कृष्णेकाठच्या घाटावर इतकी वर्षे निगुतीने जपली गेली आहे.

किल्ल्यामागे पाचूबंदर. इथे वाऱ्याला बोंबलाचा वास असतो. वलांडींवर बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून, वाळत घातलेले होते. कोळी घरांच्या दारांवर क्रूस, होड्यांच्या नाळेवर संतांची आणि मारियेची नावे, आणि नव्या होडीला पाण्यात ढकलण्याआधी फादरांचा आशीर्वाद. एका नाखव्यापाशी मी सातपाटीचा प्रश्न जसाच्या तसा मांडला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “डोलीला पाण्याची ओढ लागते. किनाऱ्याजवळ आता घाण आणि प्लास्टिक येतं, मासळी येत नाही. आम्ही जायचं कुठं? आमच्या बापांनी धरलेल्या जागा आहेत त्या.” त्याच्या बायकोने वलांडीवरून मान वळवली. “त्यांची जाळी फाटतात ते खरं की नाही?” तिने विचारले. “खरं आहे,” तो म्हणाला. “आणि एका जाळ्याला किती पैसे लागतात ते तुलाही माहीत आहे.”

योहानाच्या पहिल्या पत्रात एक रोखठोक विचार आहे. जो डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रेम करत नाही त्याने न दिसणाऱ्या देवावर प्रेम असल्याचा दावा करू नये. मी ते लहानपणापासून ऐकत आलो आहे. पाचूबंदरला मला त्याचा पत्ता सापडला. वसईच्या ख्रिस्ती माणसाने शेजारधर्म पाळला नाही असे कोण म्हणेल? बँक आहे, रुग्णालय आहे, विहिरींचा लढा आहे, झाकून ठेवलेली वाटी आहे. पण हे सगळे त्या शेजाऱ्यासाठी झाले ज्याच्याशी पोटाचे भांडण नव्हते. शोमरोनी आणि यहुदी यांचे भांडण होते, कोणत्या डोंगरावर देवाची उपासना करायची यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे. येशूने उदाहरण निवडले ते नेमके तिथले. सातपाटीचा तांडेल वादळात वसईकरांना पाण्यातून काढतो, तेव्हा तो गोष्टीतला शोमरोनी होतो. वाऱ्या-पाण्याच्या शांत दिवसात, जाळे फाटलेले असताना, दुसऱ्या बाजूने काय करायचे, हा प्रश्न वसईच्या, उत्तनच्या आणि मढच्या वेदीसमोर पडलेला आहे.

आता या दोन्ही गावांसमोर एकच संकट उभे आहे, हेही विसरून चालणार नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांना हरित लवादापर्यंत जावे लागले आणि २०२२ मध्ये लवादाने भरपाईचा आदेश दिला. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून काळे झेंडे लागले. दालदी आणि डोल, दोघांचे पाणी आखडत चालले आहे. दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले तर दोघांचेही कुणी ऐकणार नाही.

म्हणून वसई धर्मप्रांतातल्या आणि उत्तन-मढकडच्या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांना माझी हात जोडून विनंती आहे. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तांडेल घरी असतात, जाळी ओटीवर असतात. या दोन महिन्यांत तुमच्या नाखव्यांनी फादरांना सोबत घेऊन सातपाटीच्या सोसायटीत जाऊन बसावे. सरकारी बैठकीत नको, वकिलांसह नको. समुद्राचा नकाशा पुढे पसरून कोणत्या पट्ट्यात कव असेल, कोणत्या महिन्यांत दालद्याला वाट मोकळी राहील, फाटलेल्या जाळ्याचे पैसे कुणी किती द्यायचे, एवढे तीन मुद्दे लिहून घ्यावेत आणि दोन्हीकडच्या जाणत्यांनी त्याखाली सह्या कराव्यात. सातपाटीचे लोक चहा आणि तळलेल्या मांदेल्या पुढे ठेवतील, ही खात्री मी देतो. जायचे तेवढे तुम्ही मनावर घ्या.